सरळ केलेली भिंत

माझ्या नवऱ्याला वाकडं काही बघवत नाही. कुणाच्या घरी गेला की आधी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करतो, मग खुर्चीत बसतो. हॉटेलात चमचे टेबलाच्या कडेला समांतर मांडतो. माझा भांग तिरका पडला तर न विचारता सांगतो, आणि वर "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय" असंही ऐकवतो. पोटासाठी तो विम्याच्या कचेरीत बसतो, जीव मात्र सगळा कॅमेऱ्यात. माणसांच्या फोटोंच्या वाटेला तो जात नाही, कारण माणसं हलतात. त्याला इमारती लागतात. जिने, कमानी, पुलांचे खांब, जुन्या बँकांचे दरवाजे, एखाद्या बंद पडलेल्या गोदामाच्या खिडक्यांची रांग. सुट्टीत आम्ही जिथे जिथे गेलो, तिथे मी पिशव्या राखत उभी राहिले आणि हा ट्रायपॉड लावून एखाद्या सायकलवाल्याची चौकटीतून बाहेर पडायची वाट बघत बसला. कुठल्याही नव्या गावात माझी पहिली ओळख होते ती तिथल्या फुटपाथशी.

भाऊजींनी त्याचं नाव ओळंबा ठेवलं होतं. भिंत सरळ उभी राहतेय की नाही ते बघायला गवंडी दोरीला वजन टांगतात, तो ओळंबा. "आले ओळंबेराव! लपवा रे वाकड्या वस्तू!" असं म्हणून ते दुकानातून उठून यायचे आणि नवऱ्याच्या पाठीत धपाटा घालायचे. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेचे, ताईंचे यजमान. घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास बसायचे, आणि भिंग काढलं की पहिलं वाक्य थट्टेचं. मला सासरच्या माणसांत सगळ्यांत जवळचा वाटलेला माणूस तो.

त्यांच्या गावी आम्ही वर्षातून एकदा जायचो. तिमजली जुनी इमारत, तळमजल्याच्या कोपऱ्यात भाऊजींचं दुकान, त्याच्यावर दोन खोल्यांत संसार. इमारतीच्या उजव्या अंगाला एक अरुंद गल्ली होती. त्या बाजूच्या उंच भिंतीला टेकून पत्र्याचं एक शेड होतं, आणि त्या शेडमध्ये एक बाई शिलाईचं मशीन घेऊन बसायच्या. त्यांना सगळे मशीनवाल्या मावशी म्हणत. गेल्यागेल्या चहा व्हायच्या आधीच नवरा समोरच्या बेकरीच्या पायरीवर ट्रायपॉड मांडायचा आणि इमारतीचा फोटो काढायचा. दरवर्षी तीच पायरी, तीच इमारत, सकाळचंच ऊन. "ही माझी मालिका आहे," असं तो म्हणायचा. मला वाटायचं, एकच फोटो परत परत काढायला डोकं फिरलेलं लागतं. पण प्रत्येकाचं काहीतरी असतं, म्हणून मी गप्प बसायचे.

एका कोरड्या दुपारी ती गल्लीकडची भिंत पडली. पाऊस नाही, वारा नाही, आजूबाजूला खोदकाम नाही. भाऊजी दर्शनी बाजूच्या टेबलाशी बसले होते म्हणून वाचले. ताई भाजी आणायला गेल्या होत्या. मशीनवाल्या मावशी मात्र शेडमध्येच होत्या.

घरमालकाने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं की भिंत घड्याळवाल्यामुळे पडली. त्याचं असं होतं की त्याच्या आदल्या वर्षी भाऊजींनी त्या भिंतीत आतल्या बाजूने एक कोनाडा पाडून घेतला होता. घड्याळांच्या सुट्या भागांचं, बारीक बारीक खणांचं कपाट बसवायला. कोनाडा फार मोठा नव्हता. पण पाडला होता, हे खरं होतं.

इमारतीला टेकू लावले, राहायला बंदी आली, आणि ताई-भाऊजी आमच्याकडे आले. बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर ताई, खाली गादी घालून भाऊजी. ताई दिवसभर काही ना काही करत राहायच्या. माझी भांडी घासून झाली की त्याच भांड्यांवर परत हात फिरवायच्या. भाऊजी गॅलरीत बसायचे. मी त्यांना बरं वाटावं म्हणून माझं बंद पडलेलं मनगटी घड्याळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी ते उचललं, पात्याने मागचं झाकण उघडायला गेले, आणि त्यांचा हात इतका थरथरला की पातं टेबलावर पडलं. घड्याळ त्यांनी माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "वहिनी, हे दुसऱ्या कुणाकडे द्या."

घरमालक म्हणतो ते एक वेळ सोडून देता आलं असतं. पण हळूहळू भाऊजीही तेच म्हणायला लागले. चहा पिता पिता, अगदी साध्या आवाजात. "मीच मारलं तिला. कपाट घालायला जागा नव्हती म्हणून." ताई ओरडायच्या, "काहीतरीच बोलू नका!" ते परत गल्लीकडे तोंड करून बसावं तसे गॅलरीच्या कोपऱ्याकडे बघत बसायचे. मला त्या माणसाकडे बघवत नव्हतं. सरळ सांगते, मी स्वयंपाकघरात जाऊन रडायचे.

चौकशी सुरू झाली होती. चौकशी अधिकाऱ्याने कोनाड्यावर ठपका ठेवला, तर पुढे खटला उभा राहणार होता आणि भाऊजी तुरुंगात जायची शक्यता होती. आमच्या वकिलाने हे ताईंच्या देखतच सांगितलं. आणि अगदी तेव्हाच माझ्या नवऱ्याच्या अंगात आलं.

"माझ्याकडे फोटो आहेत ना!" तो म्हणाला. "सगळ्या वर्षांचे आहेत. कोनाडा पाडायच्या कितीतरी आधीचे. भिंत आधीपासूनच खराब होती, हे त्यात दिसणारच. ताई, तू काळजी करू नकोस. माझ्याकडे पुरावा आहे."

कितीतरी दिवसांनी ताईंच्या चेहऱ्यावर रंग आला. भाऊजी गॅलरीतून आत येऊन बसले. नवऱ्याने फोटो मोठे करून छापून आणले, जाड कागदावर, पांढऱ्या कडेसकट. प्रदर्शनाला पाठवावेत असे. मला तेव्हाच तो पांढरा काठ खटकला होता, पण म्हटलं, असू दे, त्याची हौस.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं आणि छताचा पंखा खडखडत होता. नवऱ्याने फोटो वर्षाच्या क्रमाने मांडले. घरमालकाचा वकील जागेवरून उठला, त्याने फोटो बघितले, आणि मग शांतपणे एक प्लास्टिकची पट्टी काढून पहिल्या फोटोवर, इमारतीच्या उजव्या कडेवर ठेवली. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. पट्टी आणि भिंत यांत नखभर फट नव्हती.

"साहेब," तो अधिकाऱ्याला म्हणाला, "हे यांच्याच मेव्हण्यांनी काढलेले फोटो आहेत. इतकी सरळ भिंत आजकालच्या नव्या बांधकामातसुद्धा बघायला मिळत नाही. कोनाडा पाडेपर्यंत या भिंतीला काहीही झालेलं नव्हतं. आम्ही आणखी काय सांगायचं?"

मावशींची मुलगी त्या खोलीत मागे बसली होती. लग्न झालेली, पस्तिशीची असेल. ती उठून टेबलाशी आली, एकेक फोटो बघत गेली आणि म्हणाली, "आईचं शेड कुठाय यात?"

"ते... खाली कापलंय," नवरा म्हणाला. "पत्रा मध्ये येत होता."

ती भाऊजींकडे बघून परत जागेवर जाऊन बसली. तिच्या बघण्यात राग होता असंही मला म्हणता येणार नाही. पुढच्या तारखेला निष्कर्ष देतो, असं अधिकारी म्हणाला.

परतीच्या बसमध्ये भाऊजी खिडकीला डोकं टेकून बसले होते. उतरायच्या आधी त्यांनी नवऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझी चूक नाही रे," म्हणाले. "जे होतं ते फोटोत आलं."

घरी आल्यावर नवरा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ताई-भाऊजी वकिलाकडे गेले आणि मी इतक्या दिवसांची गप्प बसलेली, एकदाची सुटले. त्याला म्हटलं, उचलून दिलास ना दोर त्या वकिलाच्या हातात? तुला कुणी सांगितलं होतं शहाणपणा करायला? छापून काय आणले, कडा काय सोडल्या! स्वतःच्या बहिणीचा संसार मोडायला आला होता आणि तू प्रदर्शन मांडलंस! तो कॉम्प्युटरसमोर बसून नुसतं ऐकत होता. मला त्याचा तो शांतपणा सहन होईना.

"आणि इतकी सरळ होती ना ती भिंत," मी म्हटलं, "मग दरवर्षी घरी आल्यावर तिच्या नावाने बोटं का मोडायचास? 'डावी बाजू शहाण्यासारखी उभी राहते, ही उजवी हट्टी आहे', कोण म्हणायचं असं? ती लेन्स दुरुस्तीला टाकलीस ती कशासाठी?"

बोलताना मला काहीच कळलेलं नव्हतं. मी फक्त भांडत होते. पण तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी थांबले.

त्याची पद्धत अशी होती. खालून वर कॅमेरा धरला की इमारती फोटोत मागे कललेल्या दिसतात, कडा वर जाऊन एकमेकींकडे झुकतात. हे फोटो काढणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं. म्हणून घरी आल्यावर हे लोक कॉम्प्युटरवर कोपरे ओढून त्या कडा सरळ करतात. तो बिचारा हेच करायचा, मन लावून, जीभ दातांत धरून. भाऊजींच्या इमारतीची डावी कड पटकन सरळ व्हायची. उजवी मात्र बाहेर, गल्लीकडे झुकलेली राहायची, आणि तिला आत ओढावं लागायचं. पहिल्यांदा त्याला वाटलं, ट्रायपॉड वाकडा लागला असेल. पुढच्या वर्षी त्याने पाणसळ, म्हणजे बुडबुड्यावरून पातळी दाखवणारी नळी, लावलेला नवा ट्रायपॉड नेला. तरी उजवी कड झुकलेलीच, उलट थोडी जास्तच. मग त्याने लेन्सवर खापर फोडलं. दुरुस्तीवाल्याने लेन्स तपासून सांगितलं की लेन्समध्ये काही दोष नाही, तर ह्याने घरी येऊन त्या माणसालाच नावं ठेवली. त्यानंतरच्या वर्षी म्हणाला होता, "माझाच हात आता स्थिर राहत नाही वाटतं. वय झालं."

ट्रायपॉड, लेन्स, स्वतःचा हात, सगळ्यांवर त्याने संशय घेतला होता. फक्त भिंतीवर घेतला नव्हता.

"मूळ फोटो कुठे आहेत?" मी विचारलं. "न ओढलेले?"

"नाहीत. पक्का झाला की मूळ पुसून टाकतो मी. कच्चा माल कशाला ठेवायचा?"

मग बराच वेळ तो एकेक फोटो उघडून मोठा करून बघत राहिला. मी मागे उभी होते. भाऊजींच्या दुकानाबाहेर, उजव्या टोकाच्या खांबापाशी, साखळीला टांगलेला एक काचेचा दिवा होता. विजेच्या तारा, वाळत घातलेले कपडे, दोऱ्या हे सगळं तो फोटोतून पुसून टाकायचा, पण हा दिवा त्याला आवडायचा म्हणून त्याने ठेवला होता. त्याने त्या दिव्यावर बोट ठेवलं.

"साखळी बघ."

मला काही दिसेना. त्याने टेबलावरचा माझा किल्ल्यांचा जुडगा उचलला आणि दोन बोटांत धरून टांगला. "हा असाच लोंबणार ना? सरळ खाली? कितीही काही केलं तरी टांगलेली वस्तू तिरकी लोंबत नाही." त्याने जुडगा कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ धरला. फोटोतली साखळी तिरकी होती. थोडीशीच, पण भिंतीच्या उलट दिशेला तिरकी. "मी भिंत ओढून सरळ केली, तेव्हा तिच्याबरोबर ही पण ओढली गेली. जितकी ही वाकडी झालीय, तितकी भिंत झुकलेली होती."

त्याने वर्षामागून वर्ष उघडलं. कोनाड्याच्या आधीचे सगळे. पहिल्या फोटोत साखळी जवळजवळ सरळ होती. पुढच्यात जराशी कललेली. त्याच्या पुढच्यात आणखी. कोनाडा पाडायच्या आधीच्या शेवटच्या फोटोत ती इतकी तिरकी होती की माझ्यासारख्या अडाणी बाईलाही दिसली.

मला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "सुटले भाऊजी! अरे, सुटले ते! आत्ताच्या आत्ता फोन लाव!"

त्याने फोनला हात लावला नाही. "खात्री होऊ दे," म्हणाला. "उगाच आशा लावायची आणि परत तोंडघशी पडायचं, नको." मला ते पटलं. पण पुढचे चार-सहा दिवस तो ज्या तऱ्हेने भाऊजींची नजर चुकवत घरात वावरत होता, त्यावरून मला कळून चुकलं की प्रश्न खात्रीचा नाही. तो अंघोळीला गेला की बराच वेळ बाहेर यायचा नाही. एकदा मी त्याला तसबिरीसमोर उभं पाहिलं; ती वाकडी झाली होती आणि तो तिला हात न लावता नुसता उभा होता.

तारखेच्या दिवशी त्याने आमच्या वकिलालाही बोलू दिलं नाही. स्वतः उभा राहिला, फोटो मांडले, खिशातून एक दोरा काढला, त्याला खोडरबर बांधून अधिकाऱ्यासमोर टांगला, आणि साखळीचं सगळं समजावून सांगितलं. घरमालकाचा वकील हसला. "म्हणजे हे फोटो खोटे आहेत, असं तुम्हीच म्हणताय?"

"हो," नवरा म्हणाला. "भिंत खोटी आहे. साखळी खरी आहे."

अधिकाऱ्याने पट्टी मागवली. या वेळी त्याने ती स्वतः धरली, साखळीवर, एकेका फोटोत. मग त्याने पालिकेच्या इंजिनियरला बोलावून घेतलं. ते दोघं खिडकीपाशी उजेडात फोटो नेऊन हळू आवाजात बोलत राहिले. आम्ही सगळे त्यांच्या पाठींकडे बघत होतो. भाऊजींनी ताईंचा हात धरला होता.

अधिकारी परत आला. त्याने सांगितलं की भिंत कोनाड्याच्या कितीतरी आधीपासून बाहेर झुकत होती, असं दिसतं. कोनाड्याने ती पडली असं म्हणायला आता आधार राहिला नाही. आणि इतकी वर्षं डागडुजी का केली नाही, याचं उत्तर घरमालकाने द्यायचं आहे.

भाऊजी बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मोठ्याने रडले. लाजबिज काही नाही. मोठा माणूस इतक्या मोठ्याने रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. ताई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, स्वतःही रडत होत्या आणि हसत होत्या. भाऊजींनी नवऱ्याला ओढून जवळ बसवलं. "वाचवलंस रे मला," ते म्हणत होते. "आता झोप लागेल. देवाशप्पथ सांगतो, आता झोप लागेल." ताई नवऱ्याच्या दंडाला धरून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "माझ्या भावाने वाचवलं."

नवरा ताठ बसला होता.

मावशींची मुलगी सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. भाऊजी तिला बघून धडपडत उठले, हात जोडले. तिने मान हलवली, त्यांच्या जोडलेल्या हातांवर आपला हात ठेवला आणि म्हणाली, "बसा, काका. तुमचं काही नाही त्यात." भाऊजी परत बसले आणि परत रडायला लागले.

मग ती माझ्या नवऱ्याकडे वळली. मला वाटलं, आभार मानायला आली.

"तुम्ही सांगितलंत ते मला नीट कळलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे भिंत वाकडी होती, हे तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"दरवर्षी?"

"दरवर्षी."

"आणि आई खाली बसलेली असायची."

"हो. असायच्या."

ताईंचा हात त्याच्या दंडावरून सुटला. ती बाई उत्तराची वाट बघत उभी होती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, एवढंच.

"मग तुम्ही काय केलंत?"

"सरळ केली," माझा नवरा म्हणाला.